पाचवी जर्सी

मी त्याच्यावर ओरडले तेव्हा मला त्याचं नावसुद्धा माहीत नव्हतं.

डिसेंबरचा पहिला रविवार. नांदेडहून सकाळी सहाची बस, लोहा, अहमदपूर, चाकूर… खिडकीची काच बंद होत नव्हती. लातूरला उतरले तेव्हा माझं नाक टोमॅटोसारखं लाल झालं होतं आणि मोबाईल होता नऊ टक्के. नऊ! जिची अकरा वाजता आयुष्यातली पहिली ट्रायल आहे, तीही मोबाईलवरच, ती मुलगी बसमध्ये तीन तास मॅचेस बघत आली होती. शहाणीच ना मी!

गंजगोलाईच्या बाजारात एक भांड्यांचं दुकान नुकतंच उघडलेलं दिसलं. म्हटलं, चार्जिंगला विचारू. आत एक आजी परातींचा ढीग उलथापालथा करत होत्या. काउंटरमागे माझ्याच वयाचा एक मुलगा. कपाळावर भस्माचे तीन पट्टे, ओले केस नीट विंचरलेले… आणि डोळे हातातल्या मोबाईलमध्ये.

त्याच्या मोबाईलमधून जो आवाज येत होता ना, तो मी झोपेतही ओळखते.

आमचा मोबाईलवरचा खेळ पाच विरुद्ध पाच. मारणारा एक असतो, त्याला म्हणायचं कॅरी. टाळ्या त्याला, व्हिडिओ त्याचे. त्याच्या मागे सावलीसारखा राहतो तो सपोर्ट. समोरच्यानं मोठा वार केला की पुढचा वार चाळीस सेकंदांनी होतो. सपोर्टनं ते चाळीस मनात मोजायचे आणि वार पडायच्या अगदी आधी कॅरीवर शील्ड टाकायची. लवकर टाकली तर वाया, उशिरा टाकली तर कॅरी गेला. आणि गंमत म्हणजे मारलेले किती ते स्कोअरबोर्डवर दिसतं. वाचवलेले किती, ते कुठंच दिसत नाही.

मी सपोर्ट आहे. दोन वर्षं झाली. आणि मला दुसरं काहीही व्हायचं नाही.

तर त्या मुलाचं बोट मोबाईलच्या पाठीवर हळू टकटक करत होतं. तो मोजत होता! मीही नकळत मोजायला लागले. अडतीस… तेवढ्यात आजी म्हणाल्या, "आरं बाळा, ही केवढ्याला?" त्यानं मान वर केली आणि बोट थांबलं.

"शील्ड! आत्ता! टाक!"

दुकानभर घुमलं. त्यानं दचकून बटण दाबलं. माझ्याकडे पाहिलं. मग मोबाईलकडे. मग परत माझ्याकडे…

"वाचला," तो म्हणाला.

"शिल्डबिल्ड नको मला," आजी म्हणाल्या, "परात दाव."

परात विकून झाल्यावर त्यानं माझा मोबाईल चार्जिंगला लावला.

"नांदेडची का?"

"अर्धापूरची. नांदेडला मावशीकडं असते, बारावी कॉमर्स. कामून?"

"ओरडण्यावरून वाटलं." तो इतका गंभीर चेहरा करून बोलला की मला कळायला दोन सेकंद लागले. "आमच्याकडं लातूरला पोरी जरा हळू ओरडतात."

"म्हणून तुमच्याकडचे कॅरी मरतात."

तो हसला. आणि खरं सांगू? हसला तेव्हा डाव्या गालाला खळी पडली आणि मी कारण नसताना एक पातेलं उचलून त्याचं बूड तपासायला लागले.

"घ्यायचंय का ते?"

"न्हाई… बघून राहिले."

"बघ की. बघायला काही लागत न्हाई."

त्याचं नाव मन्मथ. तोही बारावीलाच. मी ट्रायलला आले म्हटल्यावर त्याचं हसू थांबलं. "गोलाई फाइव्ह टीमच्या?"

"हाव."

"सपोर्टसाठी?"

"हाव… का?"

"मीबी." त्यानं मान खाजवली. "एकच घेणारायत."

आम्ही दोघं तिथून बरोबरच निघालो. एका कॉम्प्युटर क्लासच्या वर टीमची खोली होती. टीमच्या मॅडमसाठी आणलेली केळ्यांची फणी माझ्या हातात होती. ती त्यानं न विचारता घेतली आणि वाटेत त्यातलं एक केळं खाऊनही टाकलं. "चव बघितली," म्हणाला. "मॅडमला खराब गेली तर तुझंच नाव खराब."

बुद्धप्रिया मॅडम टीमच्या कोच. पूर्वी स्वतः खेळायच्या. कमी बोलतात, पण चष्म्यातून बघतात तेव्हा वाटतं, आपला बँकेचा पासवर्डसुद्धा दिसला असेल. चार खेळाडू ठरलेले होते, त्यांच्या काळ्या-पिवळ्या जर्स्या खुंटीला टांगलेल्या होत्या. पाचवी कोरी होती. नाव छापायचं राहिलेलं.

सात जण आले होते. संध्याकाळपर्यंत पाच घरी गेले. उरले दोघं.

"पुढच्या रविवारी शेवटची ट्रायल," मॅडम म्हणाल्या. "एकमेकांवर सराव करा. एकमेकांइतका चांगला प्रतिस्पर्धी तुम्हाला गावात मिळायचा न्हाई."

मग काय! आठवडाभर रोज सकाळी सहा ते साडेसहा. मी मावशीच्या गॅलरीत शाल पांघरून, तो दुकानाच्या पायरीवर. कानात त्याचा आवाज…

"उठली का नांदेड?"

"कधीच. लातूर अजून जांभया देऊन राहिलं वाटतं."

"काल शील्ड लवकर टाकली तू. घाबरलीस?"

"तुला हरवायची घाई झाली होती."

"मग हरव की… मी काय पळून चाललोय?"

हे असं. मी खेळायचे कमी आणि गॅलरीतल्या तुळशीकडे बघून हसायचे जास्त. मावशी म्हणाली, "तनुजा, अभ्यासात एवढं हसण्यासारखं काय आलंय गं यंदा?"

आणि गुरुवारी माझ्या हातून चूक झाली. मी त्याला आबांची अट सांगितली.

आबा म्हणजे माझे वडील. केळीची बाग, शब्दाचे पक्के. ट्रायलचं विचारलं तेव्हा त्यांनी आधी हातातला केळीचा घड नीट तपासला होता. मग म्हणाले, "जा. निवड झाली तर मी आडवा येणार न्हाई, रविवारचं खेळ. न्हाई झाली तर मोबाईल परीक्षा संपेपर्यंत मावशीच्या कपाटात. मंजूर?" मी मंजूर म्हटलं होतं.

"म्हंजे हरलीस तर खेळ बंद?" मन्मथनं विचारलं.

"मार्चपर्यंत. आणि जानेवारीपासून लीग."

पलीकडून कुणाची तरी सायकल गेल्याचा आवाज आला.

"जिंकशील तू," तो म्हणाला.

मला ते ऐकून इतकं छान वाटलं! मूर्ख मी.

दुसरा रविवार. नियम सोपा होता: चार खेळाडू तेच, समोर खालच्या क्लासमधल्या पोरांची टीम, सपोर्ट आळीपाळीनं. दोन-दोन मॅच. जो खेळत नाही त्यानं बाजूला स्टुलावर बसून बघायचं. माझी एक जिंकली, एक हरली. मन्मथची पहिली जिंकली. दुसरी तर इतकी अटीतटीची की मी नखं खाल्ली.

खरं म्हणजे मी स्क्रीन बघायला हवी होती. पण मी त्याचं बोट बघत होते. ते हळू टकटक… मला आता ते पाठ झालं होतं. सत्तावीस, अठ्ठावीस… त्याच्या ओठांची किंचित हालचाल… अडतीस, एकोणचाळीस. बोट थांबलं. अगदी जिथं थांबायला हवं तिथंच. अंगठा शील्डच्या बटणावर गेला.

आणि तिथंच राहिला.

सोमेश, टीमचा कॅरी, मेला. पाठोपाठ मॅच गेली.

"अर्रर्र, मोजणी चुकली काय की," मन्मथ म्हणाला आणि हेडफोन काढला. फारच सहज.

मॅडमनी वहीत बघितलं. जिंकणं-हरणं दोघांचं सारखंच होतं. "पण तनुजाच्या दोन्ही मॅचमध्ये एकही शील्ड चुकली न्हाई," त्या म्हणाल्या. "तनुजा, जर्सी तुझी."

सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. सोमेशनं हात मिळवला. मन्मथही टाळ्या वाजवत होता, खळी पाडून. पण मोजणी चुकलीच नव्हती. स्कोअरबोर्डवर ते दिसणार नव्हतं. मॅडमना दिसलं नव्हतं. त्या खोलीत ते फक्त मला माहीत होतं.

मी त्याला जिन्यात गाठलं.

"का केलंस?"

"काय केलं?"

"बोट थांबलं होतं तुझं. बरोब्बर एकोणचाळीसला."

तो कठड्यावरचा रंग नखानं खरवडायला लागला. "तू स्क्रीन सोडून माझं बोट बघून राहिली होतीस?"

"विषय बदलू नको!"

"तनुजा, ऐक… माझा मोबाईल कुणी काढून घेणार न्हाई. मला एप्रिलात परत ट्रायल देता येईल. तुझे आबा…"

"मला विचारलंस?"

"सपोर्ट हाय ना मी. वाचवायची सवय…"

"जो मरून राहिला त्याला वाचवतात, मन्मथ! मी मरून राहिले होते का?"

आणि मला एकदम कळलं की रडू येत नाहीये. सहा महिन्यांपूर्वीची तनुजा रडली असती. वर्गात उत्तर येत असूनही हात वर न करणारी ती! तिनं जर्सी घेतली असती, आणि नंतर आयुष्यभर ती घालताना मान खाली घातली असती.

"चल वर," मी म्हटलं.

"आगं, कुठं—"

मी त्याची बाही धरली आणि ओढलं. हो, सगळ्यांसमोर.

"मॅडम, शेवटची मॅच धरू नका. यानं शील्ड मुद्दाम टाकली न्हाई."

मॅडमनी चष्मा काढून मन्मथकडे पाहिलं. त्याचे कान लालभडक.

"खरं का?"

"…हाव."

"परत असं केलंस तर माझ्या दारात उभं राहायचं न्हाई." मग माझ्याकडे वळून, जरा हळू: "पोरी, जर्सी तुझी झाली होती. परत खेळलीस आणि हरलीस तर?"

माझ्या डोळ्यांसमोर मावशीचं कपाट आलं. त्याला लोखंडी कडी आहे.

"तर हरले."

मॅडमनी खेळाडू वाटून दिले. या वेळी आम्ही समोरासमोर. बसण्याआधी मी त्याच्याजवळ वाकून म्हटलं, "आता मॅच मुद्दाम सोडलीस ना, तर जन्मात बोलणार न्हाई. कळलं?"

त्यानं पहिल्यांदाच न हसता माझ्याकडे बघितलं. "कळलं."

आणि मग तो खेळला! अरे देवा, काय खेळला! आठवडाभर सकाळी तो अर्ध्या झोपेत खेळत होता की काय? माझ्या कॅरीनं वार करायचा आणि त्याची शील्ड तिथं आधीच हजर. मीही सोडलं नाही. एकदा तर दोघांच्या शील्ड एकाच क्षणी पडल्या आणि सोमेश ओरडला, "आरं, हे काय चाललंय!" पस्तीस मिनिटं. साधारण वीस मिनिटांत संपते मॅच.

शेवटी मी लवकर टाकली. एक सेकंद. फक्त एक.

मी हरले.

हेडफोन काढला तेव्हा छाती… कसं सांगू… मोकळी होती. मी उठून टाळ्या वाजवल्या. खऱ्या. मॅडमनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. "एप्रिलात नवा हंगाम. सांगावा धाडायला लावू नको, तूच ये."

"येणारच," मी म्हटलं.

बसस्टँडवरूनच आबांना फोन लावला आणि सगळं सांगितलं. मिळालेली जर्सी, जिना, परत खेळणं, सगळं.

"मोबाईल मावशीकडं दे," आबा म्हणाले.

"हाव, आबा."

"शब्द म्हंजे शब्द." मग खाकरले. "आन एप्रिलात एकटी जाऊ नको. मी येतो सोडायला. बघू तरी त्या मॅडमला."

मन्मथ शेजारीच उभा होता. नांदेडची बस लागली होती. ड्रायव्हर चहा पिऊन राहिला होता.

"आजपासून मोबाईल न्हाई मग," तो म्हणाला.

"न्हाई."

"सकाळी सहाला मी कुणाला उठवू?"

"अभ्यासाला बस. तुझीबी बारावी हाय."

तो हसला, पण खळी नीट पडली नाही. "आज शेवटी… शील्ड टाकली ना मी, तेव्हा लई जड गेलं. वाटलं, तू परत बोलशील का न्हाई."

"टाकली नसतीस तर नसते बोलले."

"तनुजा, मला तू…" तो थांबला. बसचा हॉर्न वाजला. दुकानात दहा गिऱ्हाइकांना एका दमात भाव सांगणारा मुलगा, आता त्याला शब्द सुचेना!

मी बसच्या पायरीवर चढले. आता आमचे डोळे सारख्या उंचीवर होते.

"थांब, मी सांगते," मी म्हटलं. "मला तू आवडतोस. पातेल्याचं बूड बघून राहिले होते ना, तेव्हापासून. जिन्यात होतास तेव्हा अजिबात आवडला न्हाईस. आणि समोर बसून मला हरवलंस, तेव्हा सगळ्यात जास्त आवडलास. मला मुद्दाम जिंकू देणारा नको. कळलं?"

त्याच्या गालाला खळी पडली. पूर्ण.

"मलाबी," तो म्हणाला. "म्हंजे… मलाबी तू. लई."

"मग चार महिने मन लावून खेळ. राज्यातला एक नंबरचा सपोर्ट हो. साध्या माणसाला हरवायला मी एवढ्या लांब येणार न्हाई."

बस हलली. तो दोन पावलं बरोबर चालला, मग पळायला लागला, मग एका रिक्षावाल्याच्या शिव्या खाऊन थांबला. मी दारातच उभी, दांडी धरून, केस तोंडावर, वेड्यासारखी हसत.

"कुठं?" कंडक्टरनं विचारलं.

"नांदेड," मी म्हटलं. "आणि एप्रिलात परत लातूर!"

"एप्रिलाचं एप्रिलात बघू," तो म्हणाला. "आत्ता दारातनं आत सरक."

मी आत सरकले.