पाठमोरी

शिंपीकाकांनी दुकान मुलाच्या हवाली केलं आणि म्हातारपणी चित्रकलेचा वर्ग धरला. बाईंनी पहिल्याच दिवशी एका जुन्या नामवंत चित्रकाराच्या शहरचित्राची छापील प्रत समोर ठेवली. दगडी रस्ता, एकमेकांना टेकलेली घरं, वरच्या मजल्यावर उघडी खिडकी आणि तिच्यात एक पाठमोरी बाई.

“जसंच्या तसं उतरवा, काका. पदरचं काही घालायचं नाही.”

“माप घेण्यात जन्म गेलाय, बाई,” काका हसले.

रस्ता झाला, घरं झाली. खिडकीपाशी मात्र काकांचा हात थबकला. ते दुकानाला निघाले की काकू रोज अशाच खिडकीत उभ्या राहायच्या. काकांनी कधी मान वर करून पाहिलं नाही. रोजचंच तर आहे, त्यात बघायचंय काय! आता काकू गेल्या होत्या आणि खिडकीतला तो चेहरा काही केल्या आठवत नव्हता. फोटोतल्या काकू फोटोवाल्याने हसवलेल्या. त्या वेगळ्याच.

पाठमोरी बाई रंगवून काका घरी गेले. दुसऱ्या दिवशी तिचा कान दिसत होता. छापील प्रतीत नुसता अंबाडा. काकांच्या अंगावर काटा आला. पुढे गालाची कड दिसली, मग गालावरचा तीळ... काकूंचाच! भीती होतीच, पण ओढ भीतीहून मोठी होती. ब्रश बाजूला ठेवून ते चित्रासमोर नुसते बसू लागले.

“झालंय की, काका! वार्निश मारूया?”

“नको... अजून वळायचंय,” काका पुटपुटले.

बाईंना ऐकू आलं, ‘वाळायचंय’.

“बरं, वाळू दे मग.”

काही आठवड्यांनी काका वर्गात आले, तर चित्र चकाकत होतं.

“बोट लावून पाहिलं. खडखडीत वाळलं होतं, मग मारलं वार्निश,” बाई कौतुकानं म्हणाल्या.

काकू अर्ध्यावरच थांबल्या होत्या. डोळ्याची फक्त कड दिसत होती. काका लहान मुलासारखे रडले. आपलं काय चुकलं, ते बाईंना कळेना.

चित्र आता घरी, दारासमोरच्या भिंतीवर आहे. काका बाहेर पडताना न चुकता मान वर करतात. त्या वेळी चित्रातल्या खिडकीवर धुरकट डाग उमटतो. वार्निशला दमट हवा लागली की असं होतं, मऊ फडक्यानं पुसा, असं बाईंनी सांगितलंय.

काका पुसतात. डाग विरतो, पुन्हा उमटतो, श्वासागत संथ... फडकं कोरडंच राहतं. डाग वार्निशच्या आतून आहे.