खारलुंगचं पाणी कुठे गेलं?

"चला, चला! पलीकडचं गाव बघितल्याशिवाय आज नाश्ता नाही!" सर्वेशने फर्मान सोडलं आणि चार पावलांतच धापा टाकत तो दगडावर बसला.

"आता बोल की, शूरवीर!" मनस्वी हसली. "हे काय पावस आहे पळत सुटायला?"

रत्नागिरीजवळच्या पावसची हिरवी वाडी कुठे आणि हिमालयातलं हे उघडंबोडकं खोरं कुठे! मातकट डोंगर, माथ्यावर बर्फ आणि मध्ये खारलुंगची मूठभर पांढरी घरं. हरिश्चंद्रकाका मनस्वीला आणि तिच्या या चुलतभावाला सुट्टीत इथे घेऊन आले होते. ज्या घरी ते उतरले होते, तिथली अंगमो मनस्वीच्याच वयाची. मोडक्यातोडक्या हिंदीतून दोघींची मस्त गट्टी जमली होती. आज तीच त्यांना पलीकडचं गाव दाखवणार होती, पण बाईसाहेबांचा पत्ताच नव्हता!

एवढ्यात खालच्या शेतातून आरडाओरडा ऐकू आला. दोघं धावत खाली आली. कोरड्या पाटापाशी अंगमो हुंदके देत उभी होती, भोवती सगळा गाव! गावचे प्रमुख, ज्यांना सगळे नंबरदार म्हणत, तिच्यावर कडाडत होते.

"काय झालं गं?" मनस्वीने विचारलं.

"आज दुपारपर्यंत आमच्या घरची पाण्याची पाळी. रात्रभर मी राखण केली. पहाटे चहा प्यायला घरी गेले, तेवढ्यात पाणीच बंद! सगळे म्हणतात, मी झोपले आणि गुरांनी वर पाट फोडला. आता आमची पाळी काढून घेणार. मटार वाळून जाईल, मनस्वी! वर्षाचं पीक आहे आमचं!"

मनस्वीच्या घरच्या नारळी-पोफळीला पाटाचंच पाणी होतं. पाळी चुकली की घरात कशी चिडचिड होते ते तिला ठाऊक होतं. इथे तर पाऊससुद्धा नाही!

"सर्वेश, पाणी वरच अडलंय कुठेतरी. ऊठ!"

"पुन्हा वर? मेलो!" असं म्हणत का होईना, तो निघाला.

पाटाच्या कडेकडेने दोघं चढू लागली. ऊन वर येत होतं. पाट कोरडा तो कोरडाच. दुपार झाली आणि पाळी संपली तर?

एका वळणावर सर्वेश ओरडला, "मने, हे बघ!"

पाटात एक फरशीएवढा दगड आडवा लावला होता. पाणी तुंबून काठ फुटला होता आणि सगळं दरीत चाललं होतं. आणि तुंबलेल्या पाण्यात पिवळंधमक काय चमकत होतं? हापूस!

"काकांनी घरून आणलेली पेटी!" दोघं एकदमच म्हणाली. आंबा खाण्याआधी पाण्यात घालायचा, ही काकांची सवय. वाहून जाऊ नयेत म्हणून दगड लावून महाराज मोकळे!

सर्वेशने दगड उपसला. मनस्वीने चिखल-गवताने काठ लिंपला. पाणी खळखळत खाली सुटलं आणि नेमके तेव्हाच काका आंबे न्यायला आले. सगळं ऐकून त्यांचा चेहरा पडला.

"श्श! कुणाला बोलायचं नाही. आलं ना पाणी? मग झालं तर! एक शब्द काढलात तर आजच परत रत्नागिरी!"

मनस्वीला रडूच फुटायचं बाकी होतं. काकांपुढे बोलायची तिची छाती नव्हती. पण मग अंगमोचं काय? आळशी म्हणून तिच्यावर कायमचा शिक्का बसणार!

जरा वेळाने ती हळूच म्हणाली, "काका, या लोकांनी हापूस कधी चाखला नसेल. तुम्ही स्वतःच्या हाताने द्या ना!"

आपल्या आंब्याचं नाव निघालं की काका विरघळलेच! शेतात येऊन त्यांनी फोडी वाटल्या. नंबरदारांनी तोंडात घातली आणि त्यांचे डोळे विस्फारले.

"इतका गार! बर्फात ठेवला होता?"

"काका, सांगा ना कसा गार केलात," मनस्वी म्हणाली.

"बर्फ कशाला? हापूसला वाहतं पाणी लागतं!" काका रंगात आले. "पहाटे वर पाटात दगड लावला आणि..."

काका थांबले. सर्वेशने डोळे मिटून घेतले.

काकांनी अंगमोकडे पाहिलं. मग हात जोडले. "चूक माझी आहे, पोरी. तुझी नाही. लपवायला निघालो होतो, ती त्याहून मोठी."

नंबरदारांनी फावडं काकांच्या हातात दिलं. "अंगमोच्या घरची पाळी आता संध्याकाळपर्यंत. वाफे तुम्ही भिजवायचे." मग मनस्वीला म्हणाले, "भांडण न करता खरं बोलायला लावलंस. शहाणी आहेस!"

दिवस कलेपर्यंत काका चिखलात राबले. मनस्वी बिचकतच जवळ गेली. "रागावलात?"

"रागावलोय तर! पण तुझ्यावर नाही," काका म्हणाले. "बरं झालं गं, बोलतं केलंस मला. नाहीतर त्या पोरीला रडवून खुशाल घरी गेलो असतो."

अंगमोने शेवटच्या वाफ्याचं तोंड उघडलं आणि पाणी मटारच्या मुळांशी पसरू लागलं. आता कुठे मनस्वीच्या जिवात जीव आला.