मावशीचा अंगठा

विश्वास ठेवायचा की नाही, ते तुम्ही ठरवा. पण ही रचलेली गोष्ट नाही. माझ्या चुलतबहिणीच्या बाबतीत हे घडलंय, आणि ती थापा मारणाऱ्यांतली नाही.

अमावस्येची रात्र, वारा, कुत्र्यांचं रडणं, असलं यात काही नाही. सगळं भर दुपारी घडलं. दोन खोल्यांचं साधं घर, आणि तिच्या मावशीच्या पलंगाला लागून मोठी काचेची खिडकी.

बहिणीला आम्ही काचवाली म्हणतो. ती चष्म्याच्या दुकानात काचा घासून फ्रेममध्ये बसवते. काचेवर बोट उमटलेलं तिला खपत नाही. गप्पा मारताना समोरच्याच्या नाकावरचा चष्मा काढून घेऊन पुसून देईल, असला स्वभाव.

तिची मावशी विधवा, मूलबाळ नाही. शेवटची काही वर्षं अंथरुणाला खिळलेली. तिचं सगळं काचवालीनेच त्याच घरात राहून केलं. मावशीने मृत्युपत्रही करून ठेवलं होतं, घर भाचीला. खाली तिची स्वतःची वाकडीतिकडी सही.

त्या दुपारी मावशीच्या नवऱ्याचा पुतण्या भेटायला आला. कधी नव्हे ते प्रेमाने म्हणाला, "तू दुकानात जाऊन ये, मी बसतो काकूजवळ." काचवालीला बरंच वाटलं.

उन्हं उतरताना ती परतली, तर पुतण्याबरोबर त्याचा ड्रायव्हर आणि हिशेबनीसही उशाशी उभे.

"आत्ताच गेली गं," पुतण्या म्हणाला. "आत्ता, तू यायच्या आधी."

काचवालीने मावशीचा हात हातात घेतला.

हात... गार होता. आत्ताच गेलेल्या माणसाचा नसतो, इतका गार.

आणि अंगठ्याला निळी शाई होती.

"दादा, ही शाई कसली?"

"औषधबिषध सांडलं असेल," म्हणत त्याने ओल्या फडक्याने अंगठा पुसून टाकला.

पुढे काय झालं असेल, ते तुम्ही ओळखलंच असेल. नवं मृत्युपत्र निघालं, त्याच दुपारचं. घर पुतण्याला. सहीच्या जागी अंगठा. साक्षीदार ड्रायव्हर आणि हिशेबनीस. पुतण्याने लगेच प्रोबेटसाठी अर्ज टाकला.

काचवाली वकीलबाईंकडे धावली. बाई सरळ बोलणाऱ्या.

"प्रोबेट म्हणजे मृत्युपत्र खरं असल्याचा कोर्टाचा शिक्का. सेवा कुणी केली, घर कुणाला मिळायला हवं होतं, हे तिथे कुणी विचारत नाही. शेवटचं मृत्युपत्र कुठलं, आणि ते शुद्धीत, दोन साक्षीदारांसमोर झालं का, एवढंच बघतात. नवं खरं ठरलं की तुमचं जुनं रद्द."

"पण हात गार होता हो."

"किती गार? कुणी मोजलं होतं? तुमच्याशिवाय कुणी हात लावला?"



तरी तिने हरकत घेतली. कोर्टात कागद दाखल करून घरी आली, चहा टाकला. घरात ती एकटीच.

टक्...

पत्र्याची छोटी डबी उघडल्यासारखा आवाज. शाईच्या पॅडचं झाकण उघडतं ना, तसा.

घरात असलं पॅड नव्हतं.

ती आतल्या खोलीत गेली. पलंग रिकामा. आणि खिडकीच्या काचेवर, पडल्यापडल्या हात पोचेल एवढ्या उंचीवर...

अंगठ्याचा निळा ठसा. ओला.

ठशावर मधोमध एक तिरपी पांढरी रेघ. मावशीचा अंगठा तरुणपणी फुटक्या बरणीने कापला होता. ती खूण काचवालीने रोज हात पुसताना पाहिलेली.

तिने तो पुसला.

मग ते रोजचंच झालं. टक्... आणि आरशावर ठसा. टक्... आणि नळावर. कपाटाच्या दारावर, कपाच्या कानावर, तिच्या धुतलेल्या पोलक्यावर. पाऊल वाजत नव्हतं. श्वास ऐकू येत नव्हता. झाकण तेवढं वाजायचं.

एकदा ती रडतच म्हणाली, "मावशी, मला काय दाखवतेस? मला ठाऊक आहे गं. कोर्टाला दाखव."

शेवटी तिने वकीलबाईंना घरी आणलं. कपाटावरचा ठसा बघून बाईंचा चेहरा उतरला.

"हे तुम्ही केलंत?"

"नाही."

"मग कुणाच्याही नजरेला पडू देऊ नका. ते म्हणतील, शाई यांच्याकडे, काकूच्या अंगठ्याचा साचा यांच्याकडे, आणि आरोप आमच्यावर. केस तिथेच संपेल."

म्हणजे बघा. घरभर पुरावा, आणि ही बाई फडकं घेऊन तो पुसत फिरतेय.

कोर्टात तज्ज्ञ आले. घराच्या नोंदणीच्या जुन्या कागदांवरचे ठसे आणि नवा ठसा त्यांनी ताडून पाहिला. तीच रेघ. ठसा मावशीचाच, ते म्हणाले. खोटं काहीच नव्हतं त्यात.

"पण ती तेव्हा जिवंत होती का?" वकीलबाईंनी विचारलं.

"ठशावरून ते सांगता येत नाही."

ड्रायव्हर आणि हिशेबनीस पढवलेल्या पोपटासारखे बोलले. प्रोबेट पुतण्याला मिळालं. काचवाली दोन पिशव्या घेऊन दुकानामागच्या खोलीत राहायला गेली.

आता पुतण्याची चांगलीच खोड मोडली असेल, असं तुम्हाला वाटेल. मलाही वाटलं होतं. कसलं काय. त्याने घर रंगवून घेतलं. त्याच खोलीत तो घोरत पडतो. अंगाने सुटलाय. त्याला आजवर एक डागही दिसलेला नाही.

मागच्या महिन्यात मी काचवालीला भेटायला दुकानात गेलो. तिच्या चष्म्याची उजवी काच निळसर, डागाळलेली. काचवालीच्या नाकावर, आणि डाग. मला राहवलं नाही.

"अगं, पूस की तो."

"आतून आहे," ती म्हणाली.

मला कळेना.

"चष्मा डोळ्यांवरच होता रे. काच घासत बसले होते. झाकण वाजलं, आणि... आतल्या बाजूने उमटला. पुसला, तर पुन्हा. म्हणून आता पुसत नाही."

तिचा डोळा आणि काच यांच्यात बोटभर जागा नव्हती.

मी काहीतरी बोलायचं म्हणून बोललो, "वरच्या कोर्टात जा. अपील कर."

"जाऊन काय सांगू?"

तिने चष्मा काढला. उजवी पापणी बाहेरून हलकेच चाचपली, दुखऱ्या जागेला हात लावावा तशी.

"वकीलबाईंनी विचारलं होतं, किती गार. तेव्हा सांगता आलं नाही. आता रोज पापणीवर कळतं, किती ते."

तिने चष्मा पुन्हा घातला आणि समोरची काच घासायला घेतली.

तेवढ्यात मागच्या खोलीत, जिथे कुणीही नव्हतं...

टक्.

तिने डोळा मिटून घेतला, आणि वाट बघत बसली.