कुरणाची मुकादम आणि खूरवाला

फाटक बंद होतं. आणि फाटकाच्या अलीकडे सगळा कळप तहानेने हंबरत, एकमेकींना ढुशा देत उभा होता.

मुकादम टेकडीच्या उतारावरून धावतच खाली आली. मुकादम म्हणजे या घरची धाकटी लेक. गायींना, वासरांना, कुत्र्याला आणि वेळ पडली तर बापालाही कामाला जुंपायची तिला लहानपणापासून सवय, म्हणून आत्याने हे नाव ठेवलं आणि ते असं चिकटलं की खरं नाव फक्त शाळेच्या दाखल्यावर उरलं. घरच्या कुरणाचा सगळा कारभार आता तिच्याच हाती होता.

फाटकापलीकडे एक निळी व्हॅन उभी होती. व्हॅनला टेकून एक तरुण निवांत सफरचंद खात होता.

"हे फाटक तुम्ही लावलंत?"

"हो." तो हसला. हसताना त्याच्या एका गालाला खळी पडली, आणि या रागाच्या क्षणी ती आपल्याला दिसावी याचाच मुकादमला आणखी राग आला. "उघडं राहिलं होतं. आभार सावकाश मानलेत तरी चालेल."

"आभार? अहो, ते उघडं राहिलं नव्हतं, उघडं ठेवलं होतं! पाण्याची टाकी तुमच्या बाजूला, गायी माझ्या बाजूला. फाटक जसं दिसेल तसं ठेवायचं, एवढा साधा नियम माहीत नाही?"

त्याने चपापून टाकीकडे पाहिलं, मग गायींकडे. सफरचंद खिशात कोंबून त्याने धावत जाऊन कडी काढली. "नियम माहीत आहे हो... पण मागच्या गोठ्यावर फाटक उघडं टाकलं म्हणून आत्ताच बोलणी खाऊन आलोय. तोच धसका घेऊन हे लावलं."

तिला हसू येणार होतं. तिने ते दाताखाली दाबलं.

गायी एकेक करून पाण्याकडे निघाल्या. तो बाजूला उभा राहून त्यांच्याकडे एकटक बघू लागला. तिच्याकडे नाही, गायींकडे, आणि तेही त्यांच्या पायांकडे.

"कधी गायी बघितल्या नाहीत वाटतं?"

"मी खूरवाला आहे. गोठ्यागोठ्यावर जाऊन खूर साळतो, वाढलेले कापून सारखे करतो. टेकडीपलीकडच्या काकूंकडे निघालो होतो, वळण चुकलो." मग हळूच म्हणाला, "ती कपाळावर ठिपका असलेली... मागचा डावा पाय हलका टाकतेय."

"माहीत आहे मला. कालपासून. उद्या डॉक्टर येणारेत."

"कालपासूनच? मग तुमची नजर चांगली आहे. बहुतेकांना गाय बसली की मग कळतं." तो हे खुशामतीने बोलला नाही, जसं दिसलं तसं बोलला. मुकादमला बोलणी परतवायची सवय होती. कौतुक परतवायची नव्हती. तिने उगीचच ओढणी कमरेला घट्ट खोचली.

"बघू का तिला? डॉक्टरांचा फेरा वाचेल."

तिने ठिपकीला धरलं. तो गायीच्या खांद्यापाशी गेला, पाठीवरून हात फिरवत मागे आला, तिच्याशी पुटपुटत राहिला, आणि कोणाला काही कळायच्या आत गायीचा पाय त्याच्या मांडीवर होता! ना ओढाताण, ना आरडाओरड. वाकड्या सुरीने तो खुराचा वाढलेला थर पातळ पातळ काढत गेला. आत एक बारीक खडा रुतला होता, तो त्याने टोकाने उचकटून तळहातावर घेतला आणि तिला दाखवला. ठिपकीने पाय खाली ठेवला, एकदा आपटून पाहिला, आणि सरळ पाण्याकडे चालती झाली.

मुकादम बघतच राहिली. लाथ मारल्याशिवाय ठिपकीने आजवर कुठल्याही अनोळखी माणसाला जवळ येऊ दिलं नव्हतं.

त्यानंतर खूरवाल्याला या बाजूची वळणं वारंवार चुकू लागली. कधी "कानस विसरली का बघतो" म्हणून, कधी "ठिपकीचा पाय कसा आहे" म्हणून. ठिपकी ठणठणीत होती. आत्या दुधाच्या किटल्या धुता धुता म्हणायची, "चार पायांच्या निमित्ताने दोन पायांवर लक्ष आहे हो!" आणि मुकादम तावातावाने म्हणायची, "आत्या, तुझ्या जिभेला काही हाड?"

एकदा भुरभुर पाऊस पडत होता. त्याने विचारलं, "एवढं मोठं कुरण, आणि गायी एवढ्याशा तुकड्यात कोंडल्यात. असं का?"

झालं! या विषयावर तिला कोणी विचारायची खोटी. तिने त्याला तारेपाशी नेलं. अख्ख्या कुरणाचे तिने तारेने कप्पे पाडले होते. गायी एका कप्प्यात चरायच्या, बाकीचे कप्पे विसावा घ्यायचे. "गाय गवताचा वरचा भाग तोडते. मग गवत मुळातली शिदोरी काढून नवं पान फोडतं. ते पान कोवळं असतानाच पुन्हा तोंड लागलं, तर मूळ उपाशी मरतं. लोक म्हणतात, कुरण खराब झालं. कुरण खराब होत नाही... त्याला कोणी दम घेऊ देत नाही."

तो गुडघ्यावर बसला. दोन्ही हातांनी गवत बाजूला सारून त्याने खालची माती पाहिली. काळी, भुसभुशीत, ओली. त्याने मूठभर माती नाकाशी नेली. पावसाचे थेंब त्याच्या भुवयांवर अडकले होते.

"बाबा सांगतात, पूर्वी इथे नुसते दगड आणि काटे होते," ती म्हणाली.

"आणि हे सगळं तू केलंस?"

तुम्हीचं तू कधी झालं ते त्याला कळलं नाही. तिला मात्र बरोबर कळलं. तिने ते दुरुस्त केलं नाही.

"मी फक्त फाटकं वेळेवर उघडते," ती म्हणाली. "बाकी गवत करतं."

त्याने मान वर करून तिच्याकडे पाहिलं. त्या नजरेत एवढा उघड आदर होता की मुकादमला मनापासून बरं वाटलं. त्याच वेळी भीतीही वाटली. कारण तिच्यासाठी आलेल्या प्रत्येक स्थळाने चहा पिता पिता हाच प्रश्न विचारला होता – लग्नानंतर गायींचं कोण बघणार? ती म्हणायची, "मीच." मग चहाचे कप भराभर रिकामे व्हायचे. शेवटी तिने ठरवून टाकलं होतं, लग्न नाही झालं तरी बेहत्तर, कुरण सोडायचं नाही. आणि हा तर आज इथे, उद्या तिथे! गावोगाव भटकणारा माणूस. याने "चल माझ्याबरोबर" म्हटलं तर? ती नाही म्हणेल. पण तसं म्हणताना किती दुखेल, हे तिला आत्ताच कळत होतं.

घात झाला तो थंडीच्या एका सकाळी.

लसूणघासाचा कप्पा त्या दिवशी उघडायचा होता. लसूणघास म्हणजे गायींची मिठाई, पण उपाशीपोटी आणि दवात भिजलेली खाल्ली तर पोट फुगून गाय जिवाला मुकते. म्हणून आधी सुकं गवत घालायचं, ऊन चढू द्यायचं, दव वाळलं की मगच फाटक उघडायचं. हे मुकादम डोळ्यात तेल घालून पाळायची. पण त्या सकाळी खूरवाला येणार होता. तिला लवकर मोकळं व्हायचं होतं, केस धुवायचे होते... तिने सुकं गवत घातलंच नाही आणि फाटक उघडून घरी पळाली.

केस ओलेच होते तेव्हा बाबांची हाक आली. ठिपकीची डावी कूस नगाऱ्यासारखी तट्ट फुगली होती. तोंड उघडं, मान लांब, श्वास लागलेला.

"डॉक्टरांना फोन करा! बाकीच्यांना बाहेर काढा!" मुकादम ओरडली आणि तेलाची बाटली घेऊन धावली. तेवढ्यात निळी व्हॅन आली. खूरवाला काही न विचारता उडी मारून आला आणि त्याने ठिपकीचं डोकं धरलं. मुकादमने तोंडाच्या कडेने तेल थोडं थोडं घातलं, घाईने ते श्वासात जाऊ नये म्हणून थांबत, बोलत, गोंजारत. मग दोघांनी तिला चढावर आणून पुढचे पाय उंचावर राहतील असं उभं केलं. मुकादम दोन्ही मुठींनी तिची कूस चोळत राहिली. हात भरून आले, तरी थांबली नाही. खूरवाला मध्येच म्हणाला, "मी चोळू?" तिने मान हलवली. नाही.

शेवटी ठिपकीने मोठा ढेकर दिला. मग आणखी एक. कूस हळूहळू सैल पडू लागली. डॉक्टर आले, त्यांनी तपासलं आणि म्हणाले, "माझ्यासाठी काही शिल्लक ठेवलंच नाहीत."

ते गेल्यावर खूरवाला तिच्याकडे बघत म्हणाला, "मी इतके गोठे पाहिले... पण असे हात नाही पाहिले."

आणि मुकादम रडायला लागली.

"याच हातांनी फाटक उघडलं होतं. तुझ्यासाठी! तू येणार म्हणून घाई केली मी. तू आलास की माझं चित्त ठिकाणावर राहत नाही. आज ठिपकी गेली असती... येत जाऊ नकोस. खरंच येऊ नकोस."

त्याने ठिपकीच्या पाठीवरून एकदा हात फिरवला. "बरं," एवढंच म्हणाला. व्हॅन गेली. जाताना त्याने फाटक जसं होतं तसं ठेवलं.

त्यानंतर कोणीही वळण चुकलं नाही.

मुकादमचं काम आता अगदी काटेकोर चाललं होतं. आधी सुकं गवत, मग ऊन, मग फाटक. गवत कमरेला लागलं, दूध वाढलं, सगळं कसं झकास! फक्त ती जेवायला बसली की ताटात बोटं फिरवत राही, आणि रस्त्याने कुठलीही गाडी गेली की तिची मान वळे.

एका दुपारी बाबा तिच्या शेजारी कुंपणाला टेकले. ते कमी बोलत, म्हणून ते बोलायला लागले की गायीही थांबत असं आत्या म्हणायची.

"तुझी आई पहिल्यांदा भेटली ना, त्या दिवशी मी संध्याकाळचं दूध काढायलाच विसरलो. गायी रात्रभर ओरडल्या. तुझ्या आजोबांनी मला काय बोलायचं ठेवलं नाही."

"मग?"

"मग काय! दुसऱ्या दिवशी वेळेवर काढलं. तिला भेटायचं थांबवलं असतं, तर तू कुठून आली असतीस?" त्यांनी घसा खाकरला. "चूक घाईची होती, पोरी. माणसाची नव्हती. आज काकूंच्या गोठ्यावर साळणी आहे म्हणे."

"मला कशाला सांगताय?"

"गायींना सांगतोय."

मुकादम टेकडी चढून काकूंच्या गोठ्यात पोहोचली तेव्हा तिला धाप लागली होती. खूरवाला पाठमोरा, कमरेत वाकलेला. एका धिप्पाड गायीचा मागचा पाय त्याच्या मांडीवर, सुरी अर्ध्या खुरात.

"मी आलेय," ती म्हणाली.

त्याचा हात थबकला. "मला वळता येत नाही... अर्धा खूर झालाय. आत्ता सोडला तर ही आज परत पाय देणार नाही."

"नकोच वळू. वळलास तर मला बोलता येणार नाही." आणि मुकादमने त्याच्या पाठीकडे बघत सगळं सांगून टाकलं. "येऊ नकोस म्हटलं ते चुकलं. तू आवडतोस मला. खूप आवडतोस. गायीशी बोलतोस तेव्हा, माती हुंगतोस तेव्हा... पण मी कुरण सोडून कुठेही येणार नाही. आधीच सांगते. तुझ्या व्हॅनमधून गावोगाव फिरणारी बायको तुला हवी असेल, तर ती मी नाही."

गोठ्यात फक्त सुरीचा खरखर आवाज. खूरवाला कापत होता. थर, आणखी एक थर. मुकादमला वाटलं, आता पाय लावून पळावं.

"मी कधी म्हटलं, चल म्हणून?" गायीच्या पोटाआडून आवाज आला.

"सगळेच म्हणतात."

"मी लोकांची जनावरं सरळ चालवतो आणि रात्री व्हॅनमध्ये झोपतो. ज्या माणसाला स्वतःला घर नाही, तो तुला घर सोडायला कुठल्या तोंडाने सांगेल? दिवसभर फिरेन. ते माझं काम आहे. संध्याकाळी तुझ्याकडे येईन... तू येऊ दिलंस तर."

तिने ओढणीने डोळे टिपले. तरी मुकादम ती मुकादमच. "लोक घरजावई म्हणतील."

"आयुष्यभर गायींच्या मागे उभं राहून पोट भरलंय मी. मला लाज वाटायला अजून काय राहिलंय?"

गव्हाणीमागे काकू खो-खो हसल्या. त्या तिथे होत्या हे दोघांनाही माहीत नव्हतं.

त्याने खुरावर शेवटची कानस फिरवली, पाय अलगद जमिनीवर ठेवला, आणि कमरेवर हात देत सावकाश सरळ झाला. वळला. कपाळावर घाम, हातांना शेण, आणि डोळे तिच्यावर. इतके दिवस गायींच्या पायांवर असणारे ते डोळे आता कुठेही हलायला तयार नव्हते.

"आता परत सांग," तो म्हणाला. "ऐकलं सगळं. पण तुझा चेहरा दिसला नाही."

"परत नाही सांगणार."

"मग मी सांगतो," तो म्हणाला, आणि सांगायला लागला. काकूंनी गाय पुढे हाकली, गोठ्याचं दार ओढून घेतलं, आणि बाहेर उभ्या असलेल्या बाकीच्या गायींना म्हणाल्या, "थांबा गं बायांनो. आज साळणीला उशीर होणार."