धुक्याचा नियम

तोताराम मास्तरांना लढाई हरल्याचं काही वाटत नसे. नियम हरला की मात्र त्यांचं जेवण उडे.

धुळ्याच्या चौथ्या गल्लीतल्या भाड्याच्या घरात, पुढच्या खोलीत, दोन ट्रंकांवर जुन्या दाराची फळी टाकून त्यांनी तीनशे वर्षांपूर्वीचं, स्वीडनचा राजा जिथे लढला ते जर्मनीतलं एक रणांगण मांडलं होतं. त्रेपन्न सालची उन्हाळ्याची सगळी सुट्टी ते त्या फळीशी डोकं फोडत होते. हायस्कुलात इतिहास शिकवणाऱ्या माणसाने भर वैशाखात शिशाच्या शिपायांशी खेळावं, याचं गल्लीत हसू होई. मास्तर म्हणत, हा खेळ नव्हे, अभ्यास आहे. गल्ली म्हणे, असेल बुवा.

शिपाई होते रुपचंदभाऊंचे. हे शेजारी, पलटणीतून हवालदार होऊन परतलेले. युद्ध संपल्यावर इटलीच्या बाजारातून त्यांनी बिस्किटांच्या डब्यात भरून हे शिपाई आणले होते. पलटणीत राहून त्यांची बोली सरकारी झाली होती आणि दुपारची झोप कायमची गेली होती, म्हणून ते रोज जेवण झालं की मास्तरांकडे येऊन बसत.

लढाईची माहिती मास्तरांकडे भरपूर होती. अडत होतं ते नियमांवर. पहिली पुस्तिका मुंबईच्या जुन्या बाजारातली. तिच्यात स्प्रिंगच्या तोफेने आगकाडी उडवायची, आणि पडेल तो शिपाई मेला. रुपचंदभाऊंचा नेम असा, की पहिल्याच दुपारी स्वीडनची डावी बाजू आडवी झाली. दुसरी पुस्तिका लष्करी. तिच्यात एक पंच लागे, त्याला सगळं दिसायचं आणि खेळणाऱ्यांना काहीच नाही. असा सर्वज्ञ माणूस चौथ्या गल्लीत आणायचा कुठून? तिसरीतले नियम दीडशे वर्षांनंतरच्या लढायांचे. तिच्यातले बंदूकवाले एका डावात दोनदा बार काढत. मास्तरांच्या लढाईतला बंदूकवाला दारू ठासून, वात पेटवून, नेम धरेपर्यंत समोरचा घोडेस्वार जेवून आला असता.

मग मास्तरांनी तिन्हींची मोडतोड आरंभली. इंच गेले, बोटं आणि वीत आली. लांब भालेवाले कमी पडले, तर पुठ्ठ्यावर सरकी चिकटवून त्यांची पथकं केली. फाशाऐवजी घरातल्या सहा कवड्या घेतल्या. जितक्या उताण्या पडतील तितके गुण. इथे मास्तर चांगलेच तोंडघशी पडले. फाशावर एक काय, तीन काय, सहा काय, सगळे सारखेच पडतात. कवड्या मात्र उठसूट तीन दाखवतात. त्यामुळे रणांगणावर कुणी पळेना, कुणी जिंकेना, दोन्ही सैन्यं एसटीची वाट पाहत असल्यासारखी समोरासमोर उभी. ते उमगलं त्या दिवशी मास्तरांनी कवड्या भिंतीवर फेकल्या आणि मग स्वतःच ओणवे होऊन गोळा केल्या.

पण खरं घोडं अडलं ते धुक्यापाशी. त्या लढाईत सकाळी धुकं होतं, भर दुपारी ते पुन्हा उतरलं, आणि त्यात स्वीडनचा राजाच हरवला. घोडा तेवढा परत आला. मास्तरांनी गावातल्या जिनिंग कारखान्यातून कापूस आणून फळीवर पसरला. कापसाखाली गेलेलं पथक कुणाला दिसायचं नाही, इथपर्यंत ठीक. पण ते बाहेरच आलं नाही तर? पहिल्या पुस्तिकेला धुकं ठाऊकच नव्हतं. दुसरी म्हणे, पंचाला विचारा. तिसरी म्हणे, थोडे डाव वाट पाहा, नाहीतर मेलं धरा.

"मग धरा मेलं," रुपचंदभाऊ म्हणाले. "सोपं काम."

"दिसत नाही म्हणून मेलं? हे कुठलं शास्त्र?" मास्तर एकदम तडकले.

 रुपचंदभाऊंना कारण माहीत होतं. आतल्या खोलीत कारण तांदूळ निवडत बसलं होतं.

मास्तरांचा धाकटा भाऊ भिकन रुपचंदभाऊंच्याच पलटणीत होता. युद्धाच्या शेवटच्या हिवाळ्यात, इटलीतल्या एका नदीकाठी, टेहळणीला म्हणून तो धुक्यात पुढे गेला आणि परत आला नाही. सरकारने बेपत्ता म्हणून कळवलं. त्याची बायको भागाबाई तेव्हापासून मास्तरांकडे राहत होती. कपाळावर कुंकू, हातात बांगड्या. आखाजीला, म्हणजे अक्षय तृतीयेला, झाडून साऱ्या लेकी माहेरी जातात. मास्तरांची बायको प्रमिलाबाईही गेली होती. भागाबाई कधी गेली नाही. हे आले आणि दाराला कुलूप दिसलं तर, एवढंच तिचं म्हणणं. दिवसा ती दाराला कडीसुद्धा लावत नसे.

आणि आखाजीला पितरांच्या नावाने घागर भरतात. आजवर मास्तरांनी वडिलांची घागर भरली होती, भिकनची नाही. यंदा गावाहून, शिंदखेड्याकडून, चुलते लोटननाना आधीच निरोप धाडून मोकळे झाले होते की हा घोळ आता पुरे. घागर भरायची म्हणजे भिकन गेला असं म्हणायचं, आणि भागाबाईचं कुंकू पुसायचं. घरातला कर्ता म्हणून ते मास्तरांनीच सांगायचं होतं. त्यांना ते सांगवत नव्हतं, आणि न सांगणंही सोसवत नव्हतं. म्हणून ते कापसाशी भांडत होते.

शेवटी त्यांनी स्वतःचा नियम केला. धुक्यातल्या पथकासाठी दर डावाला कवड्या टाकायच्या. एक जरी उताणी पडली तरी पथक बाहेर. इतका सढळ नियम कुठल्याच पुस्तिकेत नव्हता. निळ्या कोटाच्या शिपायांचं एक छोटं पथक त्यांनी कापसाखाली सरकवलं आणि कवड्या टाकल्या. सहाही पालथ्या पडल्या.

पुन्हा पालथ्या. दुसऱ्या पथकासाठी टाकल्या, तर नेहमीसारख्या तीन. निळ्यांसाठी पालथ्या. मास्तरांनी कवड्या बदलल्या. मग शेजारून सापशिडीचा फासा मागून आणला आणि ठरवलं, एक सोडून काहीही पडलं तरी बाहेर. एक पडला. दिवसभर एकच पडत राहिला.

"नियमच भिकार आहे," मास्तर म्हणाले.

"नियमात चूक दिसत नाही मला," रुपचंदभाऊ फाशाकडे बघत म्हणाले.

दुसऱ्या दुपारी मास्तरांनी वैतागून कापूस उचलला. बाहेर फुफाटा होता, पत्रे तडतडत होते, माठातलं पाणीसुद्धा कोमट झालं होतं. कापूस ओला होता. पिळला तर पाणी निघेल असा, आणि बोटं आखडावीत इतका गार. खाली निळे शिपाई उभे होते. त्यांची तोंडं शत्रूकडे ठेवलेली मास्तरांना पक्की आठवत होती. आता ती घराच्या उंबऱ्याकडे होती, आणि पथक वीतभर सरकलं होतं.

"भाऊ, असले चाळे मला आवडत नाहीत."

"मी हात लावलेला नाही." रुपचंदभाऊंनी कापूस नाकाशी नेला आणि लगेच खाली ठेवला. ते उठून मोरीवर गेले, बराच वेळ हात धूत राहिले. परत येऊन म्हणाले, "त्या नदीच्या चिखलाचा वास आहे, मास्तर. कुजक्या पाल्याचा. तो वास मी विसरणार नाही."

"माठ झिरपला असेल," मास्तर म्हणाले. माठ खोलीच्या दुसऱ्या टोकाला होता.

त्यानंतर रोज तेच. सकाळी कापूस ओला. पथक थोडं पुढे. फासा एक. इतर सगळी लढाई नियमाने चाले. बंदूकवाले सावकाश बार काढत, घोडेस्वार पळत, भालेवाले टिकत. इतके दिवस हवे होते तसे नियम हाताशी आले होते, आणि त्या चार बोटं कापसाखाली ते लागू होत नव्हते. मास्तरांना भीतीपेक्षा संताप अधिक येत होता. सगळं आयुष्य कापसाखाली अडकलंय असं त्यांना वाटू लागलं.

"तुम्हाला पथकाचा नियम नकोच आहे," रुपचंदभाऊ एकदा हळूच म्हणाले. "तुम्हाला भिकनचा हवा आहे. मी त्याला हाका मारल्या होत्या. ओ आली नाही. एवढंच मला माहीत. पण हे पथक चाललंय, मास्तर. थांबा थोडं."

आखाजीच्या आदल्या दिवशी लोटननाना स्वतः आले. ओसरीवर बसून पाणी प्यायले आणि मग बोलले.

"तोताराम, औंदा भिकनना नावनी घागर भर. पोरगा पानीबिगर फिरी ऱ्हायना. नि या पोरनं काय? सवाशीन नही, रांडाव नही. तिले कोनी दारशे उभं करस का?"

भागाबाई दाराआड होती. मास्तरांनी तिच्याकडे न बघता विचारलं, "तुनं काय म्हननं शे?"

"तुम्ही सांगशात तसं, भाऊ." मग ती म्हणाली, "पन तुमले खरंच वाटस का, त्या गयात?"

मास्तर उठून खोलीत आले. निळं पथक आता फळीच्या अगदी कडेला, उंबऱ्याच्या बाजूला होतं. कापसाचा जेमतेम एक पदर त्याच्यावर उरला होता. मास्तरांनी फासा टाकला. एक.

त्यांना रडू आलं, आणि रडू आल्याचा राग आला. किती डाव थांबायचं माणसाने? त्यांनी मूठभर ओल्या कापसासकट ते पथक उचललं, बिस्किटांच्या डब्यात टाकलं आणि झाकण दाबलं.

"मेलं धरलं," ते म्हणाले.

फळीशी बसलेले रुपचंदभाऊ उठून आपल्या घरी गेले.

आखाजीला सकाळी भागाबाईने स्वतःच कुंकू पुसलं. बांगड्या नानांच्या सांगण्यावरून उतरवल्या. कपाळाची ती जागा इतर चेहऱ्यापेक्षा उजळ होती, आणि मास्तरांना तिकडे पाहवेना.

दोन घागरी भरल्या. वर डांगर, म्हणजे खरबूज, ठेवलं, सांजोऱ्या ठेवल्या. मास्तरांनी वडिलांचं नाव घेऊन निखाऱ्यावर तूप-घास टाकला. ही आगारी. ती भपकन पेटली. पितर जेवले.

मग भिकनचं नाव घेतलं.

घास निखाऱ्यावर तसाच राहिला. ज्वाळ आली नाही. पांढरा धूर मात्र निघाला, आणि तो वर गेला नाही. जमिनीलगत पसरत उंबऱ्यापर्यंत गेला.

"तूप कमी पडनं," नाना म्हणाले. अजून तूप घातलं. पेटलं नाही.

पुरणपोळी-रसाचं जेवण झालं. नाना कलंडले. गल्लीत ऊन मी म्हणत होतं. दूर कुठेतरी झोक्यावरची गाणी चालली होती.

मास्तरांचा डोळा लागत होता तेव्हा पुढचं दार वाजलं. भागाबाई उठल्याचं त्यांनी ऐकलं. घागरीत तांब्या बुडाल्याचा आवाज. मग बराच वेळ काहीच नाही.

ते उठून पुढे आले. भागाबाई उंबऱ्यात बसली होती. हातात रिकामा तांब्या.

"कोन व्हतं?"

"कोनी परका माणूस. पानी मांगं. मी दिधं."

"तोंड देखं का?"

"मांगे ऊन व्हतं, तोंड दिसनं नही. बूट दिसनात. गारा-चिखलघाई भरेल."

"काय बोलना?"

"काहीच नही. पानी पिधं. तांब्या लेवाले मी मान वर करी, तधय पदर सरकना. त्यानी मना कपायकडे देखं." तिने तांब्या मांडीवर ठेवला. "म्हने, चुकनू माय, हाई मनं घर नही. नि चालना गया."

मास्तर अनवाणी गल्लीत धावले. फुफाट्याने तळवे भाजले. या टोकापासून त्या टोकापर्यंत पांढरं ऊन, बंद दारं, कुणी नाही. शेवटच्या घरापर्यंत जाऊन ते परत आले. 

भागाबाई तशीच बसली होती. तिने वर पाहिलं नाही.

"भाऊ," ती म्हणाली, "इतला उनमा त्यासना दात वाजी ऱ्हायंतात."