शेवटचा घोट

ज्या झाडाला पाणी जेमतेमच मिळतं, त्याची मुळं पाण्यानं कुजतील का? नाही ना? अण्णांनाही तसंच वाटत होतं, आणि म्हणूनच ते पार मेटाकुटीला आले होते.

अण्णा म्हणजे उर्मीचे आजोबा, चंद्रावरच्या वसाहतीतले वनस्पतिशास्त्रज्ञ. येताना त्यांनी सह्याद्रीतली सीतेची वेणी आणली होती. ही ऑर्किडची एक जात. गुलाबी-पांढऱ्या फुलांची लांब वेणी सोडते, म्हणून हे नाव. बाकीची रोपं एकेक करून गेली. खाणीच्या वाटेवरचं हे शेवटचं, तेही मलूल. हे गेलं की तिथे यंत्रांचे सुटे भाग ठेवायचे, असं वसाहतीनं ठरवलं होतं.

"जाऊ दे गं," अण्णा म्हणाले. "ढब्बू रोज एकच फवारा मारतो, तरी मुळं कुजतात. मी थकलो आता. उद्या देऊन टाकू जागा."

"ठरल्याएवढंच फवारलं हो!" ढब्बू कुरकुरला. यंत्रमानव असला म्हणून काय झालं, संध्याकाळ झाली की त्याचीही बॅटरी रडायची.

उर्मीला भरून आलं. तिनं कुंडी उचलली, तर आत डुबुक वाजलं. पाणी! आलं कुठून? पाणी कोण घालतं ते बघायला, अण्णा नको नको म्हणत असताना तिनं त्यांना वाटेतल्या बाकावर बसवलं.

तेवढ्यात खाणीची पाळी सुटली. माणसं पाय ओढत आली. चंद्रावर पाण्याचं मोल फार. तरी बाटलीतला शेवटचा घोट कुणी पीत नसे, जो तो वाटेतल्या झाडाला देई. त्याशिवाय दिवस संपल्यासारखं वाटायचंच नाही. सपकाळेकाकांनी बाटली कुंडीत रिकामी केली. "घे बाई, तूही दमली असशील." मग त्यांच्या मागच्यानं ओतलं, मग त्याच्या मागच्यानं.

"अरे देवा!" अण्णांनी कपाळाला हात लावला. "आणि वसाहतीत थेंब सांडायचा नाही, म्हणून कुंडीला भोकही नाही!"

"ओरडू का त्यांना?"

"कुणावर ओरडणार, बाळ? स्वतःच्या घशातलं देतायत ती."

अण्णा रोप मांडीवर घेऊन बसले. आवाज थकलेलाच होता, पण हात भराभर चालू लागले. "ही अपिवनस्पती (दुसऱ्या झाडाच्या अंगाखांद्यावर राहणारी, पण त्याचं अन्न न खाणारी). हिची मुळं मातीत नसतात, हवेत लोंबतात. मुळावर हे पांढरट आवरण दिसतंय? स्पंजासारखं असतं. पाऊस आला की भराभर पाणी शोषतं आणि आतला हिरवा रंग दिसू लागतो. मग वारा लागला की वाळून पुन्हा पांढरं. ओलं व्हायचं, वाळायचं. सतत पाण्यात ठेवलं तर मुळाला हवाच मिळत नाही. गुदमरतं बिचारं."

कुजलेली मुळं त्यांनी कापली. चंद्रावर फांदी कुठून आणणार? उर्मीनं जुन्या खोक्याची फळी आणली. तिच्यावर रोप काथ्यानं बांधून त्यांनी ते पंख्याच्या वाऱ्यात टांगलं. खाली सगळ्यांच्या शेवटच्या घोटासाठी पुदिन्याची कुंडी ठेवली. पुदिन्याला पाणी जास्त झालं तरी चालतं.

"पण ढब्बूच्या फवाऱ्याचं पाणी येतं कुठून?" उर्मीनं विचारलं.

"आपल्याच श्वासातून. श्वासातली वाफ यंत्र गोळा करतं आणि थंड करून तिचं पाणी बनवतं."

पुढे बरेच दिवस काहीच घडलं नाही. अण्णा रोज बाकावर येऊन बसत आणि उसासा टाकून उठत. मग एका संध्याकाळी उर्मीला मुळाच्या टोकाशी काहीतरी इवलंसं, कोवळं हिरवं दिसलं. नवं मूळ! अण्णा टाचा उंचावून बघू लागले.

सपकाळेकाका आले. सवयीनं बाटली उघडून वर बघत राहिले. "पुदिन्याला देतो रोज, पण हिला कसं द्यायचं गं?"

"तुम्ही पिऊन टाका, काका. दमलाय किती!" उर्मी म्हणाली. "मग इथं बसा आणि नुसता श्वास घ्या. तिला तेवढं पोचतं."

काकांनी अण्णांकडे पाहिलं. अण्णांनी मान डोलावली. कित्येक वर्षांनी सपकाळेकाकांनी बाटलीतला शेवटचा घोट स्वतः प्यायला. मग ते अण्णांच्या शेजारी टेकले, आणि दोघांनीही लांब श्वास सोडला.