सायकालचे गुडघे

आमची ओळख कशी झाली, हे मी लोकांना जरा बदलून सांगते. खरं ते असं...

काराकोलहून राजधानी बिश्केकला निघालेली खच्चून भरलेली गाडी, डाव्या हाताला निळंशार सरोवर, आणि माझ्या पोटात ती ओळखीची कळ.

"दादा, दोन मिनिटं थांबवा ना."

"आत्ताच तर थांबलो होतो, पोरी! सगळ्यांचे लाड केले तर उद्या पोचू," चालक गुरगुरला.

मला घाम फुटला. तेवढ्यात शेजारचा तरुण तोंडावर हात धरून ओरडला, "दादा, थांबवा! मला उलटी होतेय... सीटांच्या नव्या खोळींवर होईल हं!"

गाडी करकचून थांबली. मी पेट्रोलपंपामागे धावले. परत आले, तर हा बाहेर उभा राहून मजेत जर्दाळू खात होता.

"झाली उलटी?" मी विचारलं.

"कुणाला?" तो हसला. आणि मी तिथंच संपले.

कुबात त्याचं नाव. पर्यटकांना घोड्यांवरून डोंगरात न्यायचा. मी बेर्मेत, काराकोलमध्ये लग्नाचे कपडे शिवणारी. आठवड्याभरात तो माझ्या दुकानात हजर.

"बटण तुटलंय."

"तुटलंय की तोडलंय?"

"तोडलंय," तो म्हणाला. "दुसरंही तोडू का? म्हणजे उद्या येता येईल."

दीड महिना असा गेला. मी त्याला सगळं सांगितलं, फक्त आजार सोडून. माझ्या मोठ्या आतड्यात जखमा होतात, अल्सरेटिव्ह कोलायटिस. पोट रुसलं की गुडघेही रुसतात, जावांसारखे एकमेकांना धरून. दर गुरुवारी बिश्केकच्या डॉक्टर एर्किनना फोन करायचा.

"कोण हा एर्किन?" माझ्या फोनवर नाव बघून कुबातनं एकदा विचारलं.

"आहे एक," मी म्हटलं. त्याचा चेहरा पडला, आणि मला, खोटं कशाला सांगू, गोड वाटलं.

पण जळायची माझीही पाळी यायचीच होती. सायकाल आली.

ती त्याच्याबरोबर काम करायची. देखणी होती, ते मी सोसलं असतं. पण तिचे गुडघे! तासभर मांडी घालून बसायची आणि जमिनीला हात न लावता उठायची. घोड्यावर टांग टाकायची ती वाऱ्यासारखी. मी मऊ भात चिवडत बसले की ती तिखटजाळ लाग्मान-शेवयांचा वाडगा चाटूनपुसून संपवायची आणि कुबातच्या वाडग्यातलंही उचलायची. त्याच्या वाडग्यातलं!

सप्टेंबरात एका लग्नाला आम्ही तिघंही होतो. नवरीचा पोशाख मी शिवलेला. माझे गुडघे सकाळपासून फुगले होते.

"चल ना नाचायला, बेर्मेत!" सायकालनं हात ओढला.

"नको गं."

"बरं, मग कुबातला नेते. चालेल ना?"

चालेल? मी आत गेले आणि कुणाच्या तरी पर्समधल्या दोन वेदनाशामक गोळ्या गिळल्या. या गोळ्या विचारल्याशिवाय घ्यायच्या नाहीत, आतडं पेटेल, असं डॉक्टरांनी दहादा बजावलं होतं. पण तासाभरानं मी नाचले. कुबातच्या अगदी समोर, सायकालला खांद्यानं बाजूला सारून. गुडघे ठणकले, म्हणून दुसऱ्या दिवशीही विकत आणून दोन घेतल्या. तिसऱ्या दिवशीही.

चौथ्या दिवशी रक्त पडू लागलं. बारा दिवस दवाखान्यात काढले, फोन बंद करून. त्याला काय सांगणार होते?

घरी आले त्याच संध्याकाळी तो अंगणात उभा. आईनं चहा ओतला आणि शहाणपणानं आत निघून गेली.

मी एका दमात सांगून टाकलं. "आतड्याचा आजार आहे मला. उफाळला की दिवसातून पंधरा वेळा संडासला जावं लागतं. रक्त पडतं. गुडघे धरतात. हा आजार आटोक्यात राहतो, पण जात नाही. आता जा... तुझे घोडे वाट बघत असतील."

त्यानं चहाचा पेला खाली ठेवला.

"म्हणजे एर्किन..."

"माझे डॉक्टर. एकसष्ट वर्षांचे आहेत. कवळी लावतात."

"मी रोज त्या माणसाला मनातल्या मनात कड्यावरून ढकलतोय!"

मला हसू आवरेना. मग हळूच विचारलं, "आणि सायकाल?"

"तिनं विचारलं मला. त्या लग्नातच." त्यानं चहाकडे बघत सांगितलं. "मी म्हटलं, माझं मन दुसरीकडे आहे. रडली गं ती. फार वाईट वाटलं मला."

त्याला तिच्यासाठी वाईट वाटलं, हेसुद्धा मला टोचलं.

"भीती वाटतेय मला तुझ्या आजाराची," तो म्हणाला. "पण हे बारा दिवस त्याहून वाईट गेले. पुन्हा असं करू नकोस."

"मी पुन्हा आजारी पडेन, कुबात."

"पड. पण सांगून पड." त्यानं माझा हात हातात घेतला. "लग्न करशील माझ्याशी?"

मी तोंड उघडणार, तोच त्याचा फोन वाजला. सायकाल! तो माझ्याकडे बघू लागला.

"उचल की," मी साखरेसारखं बोलले. "इथंच. माझ्यासमोर."

एका घोड्याचा नाल निघाला होता, एवढंच. मी प्रत्येक शब्द कान देऊन ऐकला, आणि तरीही जळलेच थोडी. मग तो बोलत असतानाच, फोनमध्ये स्वच्छ ऐकू जाईल अशा आवाजात म्हटलं,

"हो. करीन."